चंद्राचा दुसरा साक्षीदार

हे गेल्यानंतरचं पहिलं नवं वर्ष तोंडावर आलं, तेव्हा माझ्या जिवाला कुठेच थारा नव्हता. नवं वर्ष म्हणजे एक जानेवारी नव्हे. आम्ही सोलापुरातले जुने ख्रिस्ती. नाताळ, एकतीस डिसेंबरची उपासना, सगळं माहेरी आणि सासरीही रीतसर चालत आलेलं. पण निवृत्तीनंतर ह्यांनी शास्त्र नव्याने वाचायला घेतलं आणि एक दिवस म्हणाले, "देवाने वर्षाचा पहिला महिना वसंतात सांगितलाय, अबीब. आपण पाळून तरी बघू." मी आधी हसले. मग हळूहळू मलाच गोडी लागली. महिना छापील कॅलेंडरवरून धरायचा नाही. सूर्य मावळल्यावर गच्चीवर जायचं, चंद्राची पहिली कोर डोळ्यांनी बघायची आणि मगच महिना लागला म्हणायचं. तेही एकट्याने बघून चालत नाही, दोन साक्षीदार लागतात. हे म्हणायचे, "मी पाहिला." मी म्हणायची, "मीही पाहिला." मग हे प्रार्थना करायचे, मी आमेन म्हणायची, आणि आमच्या घरात महिना सुरू व्हायचा.

ऐन थंडीत हे गेले. नंतरही मी दर महिन्याला गच्चीवर गेले खरी, पण एकटीच्या साक्षीला काय अर्थ? कोर दिसली तरी "मी पाहिला" म्हणायचं कुणाला? ते महिने माझ्या लेखी लागलेच नाहीत. धाकट्या जाऊबाई एकदा स्पष्टच बोलल्या, "अक्का, दादा होते तोवर ठीक होतं की. आता एकट्या कुठवर आभाळाकडं बघत बसणार तुमी?" मला राग आला. त्यांचं बोलणं थोडं पटलंही, म्हणून जास्तच राग आला. त्यांना गच्चीवर बोलावलं असतं तर आल्या असत्या, पण तोंडदेखलं "पाहिला" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. तसला साक्षीदार मला नको होता.

शेवटी मी देवालाच अट घातली. देवाला अट घालू नये हे पाळकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, तरी घातली. म्हटलं, प्रभू, या अबीबला मला दुसरा साक्षीदार दे. नाही दिलास तर हे सगळं त्यांच्याबरोबरच संपलं असं समजेन आणि पुन्हा गच्चीची पायरी चढणार नाही.

अबीबची कोर दिसायचा दिवस आला. पाडव्याच्या गुढ्या आदल्या दिवशीच उतरल्या होत्या. मी दिवसभर घरात येरझारा घालत होते. चहा ठेवला आणि विसरले, तो आटून पातेलं करपलं. स्वतःवरच चिडत संध्याकाळी वर गेले. फरशी अजून तापलेली होती. बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्याच्या उजवीकडे दर अबीबला हे बोट दाखवायचे, तिथेच मी टक लावली. आभाळात धूळ होती. उजेड विझत चालला, तरी काहीच दिसेना. साक्षीदार सोडाच, चंद्रही नाही! मनात म्हटलं, चला, मिळालं उत्तर. आणि जिन्याकडे वळले.

"अम्मा! उधर नक्को देखो!"

मागच्या इमारतीच्या गच्चीवरून एक बाई हात हलवत होती. नवीनच भाडेकरू, नावही ठाऊक नव्हतं. ईदचा चंद्र बघायला वर आली असावी. "चिमनी के बायें बाजू देखो, जरा नीचे!"

मी डावीकडे बघितलं. होती की कोर, अगदी बारीक, मावळतीला टेकत आलेली. चंद्र दरवर्षी एकाच जागी मावळत नाही, इतकी साधी गोष्ट! पण अबीबला कुठे बघायचं ते हे ठरवायचे, मी नुसतं त्यांचं बोट बघत आले होते.

"दिख्या क्या, अम्मा?"

"मी पाहिला!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हौ, मैं भी देखी!"

 मी कठड्यापाशी पुढे आले.

"तुमारी भी ईद है क्या?" तिने विचारलं.

"आमचं नवं वर्ष लागलं आज."

"फिर दुआ करो ना, अम्मा."

ती प्रार्थना मी कधी केलीच नव्हती, ते ह्यांचं काम. कसंबसं म्हटलं, "प्रभू, हे वर्ष तुझं आहे." पुढे सुचेना. पलीकडे तिने दोन्ही हात पुढे धरले होते. मी थांबलेली बघून ती म्हणाली, "आमीन."

कुणी म्हणेल, ईदचा चंद्र अख्खं सोलापूर बघतं, त्यात नवल कसलं? मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की, साक्षीदार आपल्याच मंडळीतला असणार हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. देवाने माझी अट ऐकली, पण माणूस त्याच्या मनाने निवडला. तेव्हापासून अटी घालणं सोडलंय. तो देईल ते वर्ष घ्यावं आणि उपकार मानावेत.

त्या संध्याकाळी खाली आले, ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. रडता रडताच सांगितलं, "अहो, नवं वर्ष लागलं."