ग्लेंडानं न केलेली सही

आमच्या काउंटीत शर्टाखाली पिस्तूल बाळगायचा परवाना ज्याच्या पाकिटात असेल त्याला विचारा, कुणी शिकवलं म्हणून. निम्मेजण माझ्या थोरल्या बहिणीचं नाव घेतील. ग्लेंडा. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांची ताटं वाढायची आणि महिन्यातून एका शनिवारी बंबखान्याच्या हॉलमध्ये त्यांच्याच आईबापांना पिस्तूल चालवायला शिकवायची. एकतीस वर्षं ताटं वाढली, त्यातली एकोणीस वर्षं हेही केलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी मयत झाली की पहिलं पातेलं तिच्याकडून यायचं.

सरकारी नियमाप्रमाणे सकाळी पुस्तक, दुपारी दगडखाणीत जाऊन पन्नास गोळ्यांचा नेम. एवढं जमलं की शिक्षकानं कागदावर सही करायची. ग्लेंडाचं मात्र एवढ्यावर भागत नसे. नेम झाला की ती सगळ्यांना परत हॉलमध्ये आणायची, कमरेला निळं प्लास्टिकचं खोटं पिस्तूल अडकवायला लावायची आणि म्हणायची, बसा, कॉफी घ्या. माणसं सैल झाली की एकेकाला गाठायची. कुणाची दुखरी नस कुठे आहे हे तिला बरोबर ठाऊक. ‘बायको सोडून गेली ते बरंच केलंन,’ असं एखाद्याला सगळ्यांदेखत सुनवायची. ज्याचा हात कमरेकडे गेला त्याला सही नाही, पुढच्या महिन्यात यायचं. बहुतेक लोक हसत परत यायचे. आपला हात आपल्याला न विचारता कुठे जातो हे एकदा कळलं की माणूस जपून राहतो, असं तिचं म्हणणं.

माझा मुलगा कोल्बी. एकुलता एक. लाकडाच्या गिरणीत कामाला होता, तेविसावं चालू होतं. पन्नासातल्या एकोणपन्नास गोळ्या त्यानं वर्तुळात घातल्या. मग कॉफीच्या वेळी ग्लेंडा त्याला म्हणाली, तुझा बाप तुला बघायला एकदा तरी आला का रे?

दुसऱ्यांचे हात कमरेकडे जायचे. कोल्बीचं निळं पिस्तूल मावशीच्या छातीवर रोखलेलं होतं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा गेला, पुन्हा तेच झालं. तेव्हा ग्लेंडानं सांगून टाकलं की माझ्या सहीनं ह्याला परवाना मिळायचा नाही. वर शेजारच्या काउंटीतल्या शिक्षकालाही फोन करून ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

मी तिच्या घरी जाऊन अद्वातद्वा बोलले. गावातल्या उंडग्यांना सह्या देतेस आणि माझं पोर तेवढं तुला गुन्हेगार दिसतं का, तुला पोर नाही म्हणून माझं डोळ्यांत सलतं, असंही बोलले. तेवढं बोलायला नको होतं.

‘डॉटी,’ ती म्हणाली, ‘पोरगा चांगलाय गं. त्याचा हात चांगला नाही.’

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये बाक बदललं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला एकाच घराण्यात दोन टर्की भाजल्या गेल्या, आणि खाणारी माणसं इनमिन सात.

आता खरं सांगते. मला माहीत नव्हतं असं नाही. कोल्बीनं रागात बुक्की मारून स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडलं होतं आणि त्यावर मी कॅलेंडर टांगलं होतं. पण आईचं मन वेडं असतं. कॅलेंडर टांगलं की भोक नाही, असं मी धरून चालले होते.

मग आमच्या राज्याच्या राजधानीत, नॅशविलला, नव्या कायद्याचा प्रस्ताव आला. एकवीस पूर्ण झाली की परवाना नको, वर्ग नको, कुणाची सही नको. गावानं उचलून धरला. मीही धरला, आणि तो काही निव्वळ पोरासाठी नाही. मी दरीच्या टोकाला एकटी राहते. शेरीफच्या पोलिसांना फोन केला तर यायला चाळीस मिनिटं लागतात. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क मिळवायला एका गरीब बाईनं शनिवारची मजुरी का बुडवायची? हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही ते मला खोडता येत नाही.

ग्लेंडा मात्र विरोधात बोलायला निघाली. जिच्या उशाच्या खणात रिव्हॉल्व्हर असतं ती बाई पिस्तुलांच्या विरोधात गेली म्हणून गावानं तिला धारेवर धरलं. तिचं म्हणणं साधं होतं. केस कापायचं दुकान टाकायला या राज्यात परवाना लागतो, आणि हे तर माणूस मारायचं हत्यार. घ्या ना खुशाल, पण आधी एक दिवस कुणासमोर तरी उभे राहा. ऐकतंय कोण? वर्गाचे पैसे बुडतात म्हणून ओरडते, असं तिच्या तोंडावर म्हणणारेही निघाले.

नॅशविलला आमदारांच्या समितीपुढे सुनावणी लागली. आम्ही कायद्याच्या बाजूचे चर्चच्या बसनं गेलो, छातीवर स्टिकर लावून. ती आपल्या जुन्या गाडीनं एकटी, चार तास चालवत आली, रविवारचा निळा झगा घालून. बोलायला तीन मिनिटं दिली होती. बोलून झाल्यावर समितीवरचा एक गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘बाई, इतकी वर्षं शिकवलंत. ज्याच्या हाती पिस्तूल जायला नको असा एक तरी माणूस सांगा.’

ग्लेंडानं मागे वळून पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होते. तिची नजर माझ्यावर थांबली आणि मी मान हलवली. नको.

ती परत समोर वळली. ‘नाव सांगता येणार नाही मला,’ एवढंच म्हणाली.

आमच्या रांगेतले लोक हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले.

जुलैत कायदा लागू झाला. कोल्बीच्या वाढदिवसाला पिस्तूल ठेवायचं चामड्याचं म्यान मीच घेऊन दिलं.

पुढच्या मे महिन्यात तळ्यावर होड्या उतरवायच्या उतारावर कोल्बीचं भांडण झालं. होडी पाण्यात सोडायला कुणी आधी गाडी मागे न्यायची, बस, एवढ्यावरून. समोर रॉय मेसर, आमचा निवृत्त पोस्टमन. कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं, ते शेरीफच्या कचेरीत मला दाखवलं. रॉय दोन पावलं मागे सरकतो. दोन्ही तळवे वर करतो आणि म्हणतो, ‘जा बाबा, तूच जा आधी.’ कोल्बीचा हात शर्टाखाली जातो आणि पिस्तूल घेऊन वर येतो. शर्टाखाली रॉयच्याही होतं. मला पुढचं बघवलं नाही.

रॉयवर गुन्हा नोंदवला गेला नाही. नोंदवण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं, हे मी तोंडानं म्हणू शकते, मन काही म्हणत नाही. त्याला ग्लेंडानंच शिकवलं होतं. मागे सरकणं, हात वर करणं, सगळं तिचंच. तो तिच्या ओसरीवर येऊन ढसाढसा रडला म्हणे. आता घराबाहेर पडत नाही.

कोल्बीच्या मयताला पहिलं पातेलं ग्लेंडाचंच आलं. तीन वर्षांनी ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. लोक पांगल्यावर ती भांडी विसळत होती आणि मला कुणाचा तरी गळा धरायचा होता, तिचा धरला. म्हटलं, ‘त्या दिवशी नॅशविलला त्याचं नाव का घेतलं नाहीस? घेतलं असतंस तर कदाचित...’

तिनं नळ बंद केला.

‘घेणार होते गं,’ ती म्हणाली. ‘कागदावर लिहून नेलं होतं. तू नको म्हणालीस.’

तिनं शिकवणं सोडलं. आता आम्ही रविवारी एका बाकावर बसतो, फारसं बोलत नाही. अजून लोक विचारतात, डॉटी, तू कायद्याच्या बाजूची की विरोधातली? मी सांगते, मला नका विचारू. त्या सभागृहात मी हसले होते.