टॅपेटची फट

पपांच्या जुन्या गाडीचा आवाज मी स्वतःच्या हाताने बंद केला आणि दुसऱ्या दिवशी गाडीही बंद पडली.

आवाज म्हणजे टॅपेटचा. टकटकटकटक! शिवणयंत्र घेऊन कोणी रस्त्याने पळतंय असं वाटावं! पपा वाडीच्या वळणावर आले की इकडे दारापुढच्या बल्कांवातल्या बाकावर बसलेली मांय उठून चहाचं आधण ठेवायची. पपा गेले, त्याला आता दोन पावसाळे झाले. गाडी घरामागच्या मांगरात ताडपत्रीखाली असते आणि मांय तिन्हीसांजेला अजून बल्कांवात बसते. (चहा आता फिलू करते. फिलू म्हणजे माझी बायको.)

अशात म्हापशाच्या फ्रान्सिसमामाच्या मुलीचं लग्न ठरलं. मांयने सांगून टाकलं, "जायन तर तुझ्या पपांच्या गाडयेनच जायन."

नवी बॅटरी घातली, हवा भरली, किल्ली फिरवली. टकटकटकटक! छे! एवढ्या थाटाच्या लग्नाला असलं शिवणयंत्र न्यायचं? मी पोस्टात नोकरीला. शिक्का सोडून दुसऱ्या कुठल्या यंत्राशी माझी ओळख नाही. पण हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये व्हिडिओ होते!

इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं की आत रॉकर दिसतात. लहान मुलांच्या सी-सॉसारखे लोखंडी दांडे. एक टोक वर उचललं गेलं की दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, तीच टॅपेटची फट. ती वाढली की रॉकर आपटतो आणि टकटक होते. व्हिडिओतला माणूस 'थोडी फट ठेवा, थोडी ठेवा' असं कळवळून सांगत होता. म्हटलं, ठेवायचीच कशाला? रोग मुळापासून काढू! फट कमीजास्त करायचे सगळे स्क्रू गच्च पिळले. गाडी कशी झाली? अगदी मांजर!

सकाळी मी कोट-टाय घालून स्टिअरिंगला, फिलू शेजारी, आणि मांय मागे रेशमी साडीत, मांडीवर खाज्याची पिशवी घेऊन.

"इनास, गाडी चालू कर मगे."

"चालूच आसा, मांय."

"मगे आवाज खंय गेलो?"

"काढलंय तो!" मी छाती फुगवून म्हणालो.

मांय कुडाळपर्यंत नुसती खिडकीबाहेर बघत होती.

"मांय, तुमका गरमता काय?" फिलूने विचारलं.

"नाय गो. गाडी आपली वाटना नाय."

पिंगुळी सोडली आणि पहिल्याच चढावर गाडीला धाप लागली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला (वर हातही हलवला!). फुस्स करून इंजिन थांबलं. मी किल्ली फिरवत राहिलो आणि बॅटरीनेही प्राण सोडला.

बॉनेट उघडून कोटातच उभा राहिलो. घाम टायवरून ठिबकायला लागला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमचं मागचं दार पावसात फुगलं की कडी लागत नाही. तसंच हे! तापलं की लोखंड वाढतं आणि त्याला वाढायला मी जागाच ठेवली नव्हती. मग व्हॉल्व्ह धड मिटणार कसे?

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही आंब्याच्या सावलीत बसलो.

"मांय, तो आवाज तुका त्रास देय नव्हतो?"

"त्रास?" मांय हसली. "माझ्याशी भांडान गेले तरी त्याच आवाजान परत येयत. आता कोण येवचो नाय, ह्या माका कळता रे. पण कानांका खंय कळता?"

मी उठून स्क्रू सैल करायला लागलो. फट मोजायची पातळ पट्टी घरी राहिली होती. फिलूने पर्समधून लग्नाची पत्रिका काढली. "ह्या चलात?" प्रत्येक रॉकरखाली पत्रिका सरकवून फटी केल्या. मग मांय मागे बसली, फिलू स्टिअरिंगला, आणि गाडी उताराकडे वळवून मी मागून धक्का मारला.

टकटकटकटक! पहिल्यापेक्षा मोठ्याने! पत्रिका भलतीच जाड होती. धावत जाऊन आत बसलो, माफी मागायला मागे वळलो, तर मांय डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"फिलू, जरा हळू चलय गो," ती म्हणाली. "ऐकांदे."

पुढे कळलं की हॉलचा पत्ता त्या पत्रिकेवरच होता आणि पत्रिका आता तेलाने काळी ठिक्कर! मामाला फोन लावले, पण बँडच्या दणक्यात त्याला काय ऐकू येणार? म्हापशात एका हॉलमध्ये शिरून मी नवऱ्याला मिठी मारून आशीर्वादही दिला. फिलूने नवरीकडे बोट दाखवून बाही ओढली, "इनास, ही आपली व्होकल न्हय!"

शेवटी आमच्या हॉलवर पोहोचलो, तेव्हा पाहुणे आईस्क्रीम संपवून दात कोरत होते. टकटक ऐकून फ्रान्सिसमामा बाहेर धावत आला.

"कितें गो, इतलो उशीर? कोणावांगडा आयलें?" म्हणजे कोणाबरोबर आलीस.

मांय ऐटीत उतरली. गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाली, "कोणावांगडा म्हणजे? तुझ्या भावोजींवांगडा!"

मामाचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात धरला. मग त्याचं लक्ष कोपरापर्यंत काळ्या झालेल्या माझ्याकडे गेलं.

"आनी इनास?"

"तो?" मांय म्हणाली. "तेका ढकलूक घेतलेलो."