पेन्शनच्या नंबरचं मेतकूट

गौलीगुड्यातल्या नरहरराव औंढेकरांनी जन्मभर एकच काम केलं. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा आणि गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात चौतीस वर्षं ते बसले, पण कागदात काय लिहिलंय ते वाचण्याची तसदी त्यांनी एकदाही घेतली नाही. वर या गोष्टीचा त्यांना अभिमान. निवृत्त झाल्यावर ही खोड घरी आली. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, घरात छत्र्या दोनच तरी त्यांनाही क्रमांक मिळाले. तूरडाळ म्हणजे सात नंबर, मेतकूट म्हणजे अकरा. बायकोने, रजनीबाईंनी, "डाळ संपली" म्हटलं की हे विचारत, "नंबर सांग."

रजनीबाई नंबर सांगत नसत. या माणसाशी वाद घालणंसुद्धा त्यांनी केव्हाच सोडलं होतं, इतका तो त्यांच्या मनातून उतरला होता.

अकरा नंबरच्या डब्यातलं ते मेतकूट रजनीबाई बावीस वर्षं विकत होत्या. डाळी स्वतः भाजायच्या, स्वतः दळून आणायच्या, पाकिटावर 'रजनीबाईंचं मेतकूट' आणि खाली घरचा फोन. शहरातल्या जुन्या मराठी घरांत ते जायचं, तिथून लेकीसुनांच्या बॅगांतून अमेरिकेला. पण ही घरं आता एकेक करून रिकामी होत चालली होती. बाजार खुला होऊन वीस वर्षं उलटली होती, लोक पापडसुद्धा कॉम्प्युटरवरून मागवू लागले होते. आपणही तिथे विकावं, आपलं नाव गौलीगुड्याच्या बाहेर जावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

ऑनलाइन दुकानाने मालाचा तेरा आकडी नंबर मागितला. त्याच नंबरच्या काळ्या रेघा पाकिटावर छापायच्या. असे नंबर देणारी एक संस्था असते, एक नंबर एकाच मालाला, दुसऱ्या कुणाला नाही. रजनीबाईंनी तिचा फॉर्मही मागवला. तो नरहररावांच्या हाती पडला आणि ते खो खो हसले.

"नंबर विकत घ्यायचा? अगं, या हाताने लाखो नंबर दिलेत मी!"

"अहो, पण ते दुसऱ्या कुणाचे निघाले तर?"

"माझा नंबर दुसऱ्या कुणाचा कसा निघेल?"

त्यांनी सुरुवातीला भारताचे म्हणून आठ-नऊ-शून्य घेतले. पुढे स्वतःच्या पेन्शनचा सात आकडी नंबर, मग मेतकुटाचे अकरा. शेवटचा आकडा ताळ्याचा असतो, आधीच्या बारांवरून काढायचा. तो त्यांनी कागदावर गुणाकार-बेरजा करून दोन दिवसांत काढला आणि अगदी बरोबर काढला. सुलतान बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून रेघांचे शंभर स्टिकर आले. नेटकॅफेत बसून त्यांनी तो नंबर भरला, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली: हा क्रमांक आमच्या नोंदीत आधीपासून आहे, याच नोंदीखाली विकायचं का?

कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. नरहरराव फुलून गेले. सरकारी नंबर, तो त्यांच्याकडे असणारच! त्यांनी 'हो' दाबलं. शेजारी फोटो होता, तो बघितला नाही. बघायची सवयच नव्हती.

शंभर पाकिटं शहराबाहेरच्या गोदामात गेली. तिथे रेघांवर लाल उजेड मारतात, पाकीट कुणी वाचत नाही. थोडक्यात, तिथेही सगळे नरहररावच. दोन आठवड्यांत साठ पाकिटं खपली, तशी यांना शिंगंच फुटली. आल्यागेल्याला ते ताळ्याचा आकडा समजावून सांगू लागले. रजनीबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. साठ घरी मेतकूट गेलं आणि एकही फोन नाही?

मग फोन आला. मलकपेटची कुणी बाई होती, दख्खनी हिंदीत बोलणारी.

"क्या आंटी, तुमारा पावडर डाले तो कॉकरोचां मर नै रै! मजे से खा रै!"

रजनीबाईंना आधी कळेचना. बाईने नीट सांगितलं. तिने झुरळं मारायची पिवळी पावडर मागवली होती, कंपनीचं पाकीट बदललं असेल समजून ती ओट्याखाली टाकली, आणि आता बिळाबिळातली झुरळं जेवायला येतायत. साठ घरांत, ओट्याखाली आणि मोरीपाशी, बावीस वर्षांची मेहनत पसरलेली होती. वर प्रत्येक पाकिटावर त्यांचं नाव. लाजेने रजनीबाईंना रडूसुद्धा येईना.

तो नंबर मुळात ज्यांचा होता, त्या झुरळांच्या पावडरवाल्या कंपनीने तक्रार केली, दुकानाने नरहररावांचं खातं बंद केलं, उरलेली चाळीस पाकिटं परत आली. रजनीबाईंनी ओलं फडकं आणि बोथट सुरी नवऱ्यापुढे ठेवली.

"खरवडा ते स्टिकर."

"पण ताळा बरोबर होता गं," नरहरराव खरवडता खरवडता म्हणाले. "हवं तर पुन्हा करून दाखवतो."

"बरोबरच होता. चौतीस वर्षं तुमचं सगळं बरोबरच होतं."

त्यांना हे कौतुकच वाटलं. रजनीबाईंनी आबिड्सच्या मोठ्या पोस्टातून स्वतःच्या नावाने तो फॉर्म रजिस्टर करून पाठवला. महिन्याभराने नंबर आला. नरहररावांनी लगेच ताळा करून पाहिला, चूक निघाली नाही म्हणून थोडे हिरमुसले, आणि नवा नंबर चढवायला त्यांनी आपलं रजिस्टर उघडलं.

रजनीबाईंनी त्यावर पाकीट ठेवलं.

"आधी वाचा, काय आहे ते."

"अगं, अकरा नंबर..."

"वाचा."

नरहररावांनी चष्मा पुसला. "रजनीबाईंचं मेतकूट," त्यांनी वाचलं, अनोळखी कागद वाचावा तसं अडखळत. रोज सकाळी भातावर घेऊन खाल्लेल्या त्या पिठाचं नाव बावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"आता घाला नंबर," रजनीबाई म्हणाल्या आणि डाळ भाजायला उठल्या.