कोऱ्या बाजूच्या तीन फुल्या

या कॉलमात मी कधी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही, आजही नाही. लहानपणी घरात कोणी उपास धरला तरी मी ‘का?’ विचारत बसायचे, म्हणून आई मला वकिलीणबाई म्हणायची. वकील नाही झाले. रेडिओ दुर्बिणीवर काम केलं, आणि जे सांगतेय ते त्या कामातच घडलं.

२००२चा उन्हाळा. आमचं घर नाशिकला म्हसरूळमध्ये, द्राक्षबाग दिंडोरीच्या थोडी अलीकडे. मी पुण्यात पीएचडी करत होते, शेवटचं वर्ष. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना नारायणगावच्या बाजूला जाळीच्या मोठमोठ्या तबकड्या दिसतात ना, ती आमची दुर्बीण. काही दीर्घिकांच्या मधोमध मोठं कृष्णविवर असतं. ते आजूबाजूचं गिळता गिळता काही भाग भयंकर वेगाने बाहेर फेकतं. त्या झोतांचा वेग काढायचा, हा माझा विषय. माझ्या वडिलांना, अण्णांना, मी सांगितलं होतं की बागेत आपण ब्लोअर मारतो तसा फवारा समजा, दोन्ही अंगांना.

दोन झोतांपैकी आपल्याकडे येणारा उजळ दिसतो, पलीकडे जाणारा मंद. दोघांत फरक जितका जास्त, तितका वेग जास्त. माझ्या दीर्घिकेत पलीकडचा झोत दिसतच नव्हता. म्हणजे वेग जवळजवळ प्रकाशाइतका! माझा अख्खा थिसिस त्या ‘दिसत नाही’वर उभा होता.

एप्रिलची छाटणी उरकली होती आणि जुन्या बोअरचं पाणी कमी आलं होतं. अण्णांनी सायखेड्याहून पाणाड्या बोलावला. निवृत्तीतात्या. सत्तरीचे, सडपातळ, पांढरीशुभ्र टोपी. तळहातावर नारळ आडवा ठेवून हे शेतभर चालणार, आणि खाली पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राहणार म्हणे. मी अण्णांना म्हटलं, “ज्यांच्या गावात दारात गोदावरी, त्यांना पाणी शोधायची सवय कधी लागली?” अण्णांनी डोळे मोठे केले.

तात्यांनी बांधाजवळ, उत्तरेच्या कोपऱ्यात जागा दाखवली. मग सगळे शेडच्या ओट्यावर चहाला बसलो. तिथे माझ्या दीर्घिकेचा नकाशा पसरलेला होता - चार कागद चिकटवून केलेला. भूगोलाच्या पुस्तकात डोंगर दाखवायला असतात तशा रेषा, मधे गाभा, डावीकडे लांब गेलेला झोत. उजवी बाजू कोरी.

“ताई, ह्यो कंच्या गावाचा नकाशा?”

मी थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, “फवारा एकाच अंगानं?”

“दुसऱ्या अंगाचा दिसत नाही, तात्या. तुम्हीच बघा ना नारळ लावून.” मला मजा करायची होती, दुसरं काही नाही.

“कागदाला कुठं पाणी असतंय ताई,” म्हणत ते हसले. पण अण्णांनीही आग्रह केला, तेव्हा त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि नारळ हातावर घेतला. गाभ्यापासून कोऱ्या बाजूला हात सावकाश सरकत गेला. एका जागी नारळ उभा राहिला. मी पेन्सिलने फुली मारली. पुढे दुसरी. तिसरी मात्र रेषेत नव्हती, बरीच खाली घसरलेली.

“लय बारीक हाय,” ते म्हणाले, “पन हाय.”

मी कोपऱ्यात ‘निवृत्तीतात्या’ असं लिहिलं आणि कागद गुंडाळून ठेवला. पुण्याला गेल्यावर मित्रांना दाखवून हसायला होईल म्हणून.

पुढच्या आठवड्यात बोअर मारला. तीनशे फूट. नुसता फुफाटा, पाण्याचा थेंब नाही. तात्या शेवटपर्यंत गाडीजवळ उभे होते. अण्णांनी ओट्यावर बोलावलं, पण तात्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

थिसिस द्यायला महिनाभर उरला असताना माझ्या गाइड सरांनी एक नेहमीची गोष्ट विचारली, “चौकट कुठे ठेवलीस?” दुर्बिणीचं चित्र आधी धुरकट असतं. खरं काही असेल तर ते इथे, अशी चौकट आखून कम्प्युटरला सांगावं लागतं, मग तो तेवढंच स्वच्छ करतो. मी चौकट फक्त डावीकडे ठेवली होती. उजवीकडे काही नाही हे मला ‘माहीत’ होतं ना! सर म्हणाले, दोन्हीकडे ठेवून एकदा पुन्हा कर.

केलं. उजवीकडे तीन ठिपके आले. मंद, पण चित्रातल्या खरखरीपेक्षा ठळक, स्पष्ट.

जेवायच्या सुट्टीत मी तो जुना कागद काढला, नवा प्रिंट त्याच मापात घेतला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. तीनही फुल्या ठिपक्यांवर बसल्या. तिसरीसुद्धा. मी कागद काढून पुन्हा लावून पाहिले, तरी तसेच बसले.

तुम्ही म्हणाल, डाव्या झोताच्या बरोबर समोर कोणीही अंदाजाने दाखवेल. मलाही तेच वाटलं. पण डावा झोत सरळ होता. तिसरा ठिपका खाली वळला असेल असा अंदाज मीसुद्धा केला नसता, आणि मी पाच वर्षं तेच करत होते. त्या कागदावर ती जागा कोरी होती. तात्यांच्या हाताला कळण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

वेग खाली आला, धडा नव्याने लिहिला, सहा महिने गेले. फुल्यांचं मी सरांना सांगितलं नाही. कोणालाच नाही.

पुढच्या वर्षी दिंडोरीला एका लग्नात तात्या भेटले. आमच्या बोअरनंतर त्यांनी नारळ हातात धरणं सोडलं होतं. पंगत उठल्यावर हात धुता धुता त्यांनी विचारलं, “ताई, शेतातलं चुकलं माझं. त्या कागदावरचं तरी खरं निघालं का?”

मी हो म्हणाले असते तर तालुकाभर झालं असतं की दुर्बिणीवाल्या बाईने खात्री दिलीय. लोकांनी पुन्हा त्यांच्या शब्दावर जमिनी फोडल्या असत्या. हे सगळं क्षणात मनात आलं. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली, डॉक्टरेट मिळाल्याला दोनच महिने झाले होते.

“नाही, तात्या,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. उपरण्याने एकेक बोट पुसलं. “मंग सोडलं ते बराबरच केलं म्हनायचं,” म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

दोन वर्षांनी ते वारले. अण्णांनी फोनवर सहज सांगितलं, मी ऑफिसात होते, दार लावून रडले.

कागद अजून माझ्याकडे आहे, फुल्या फिकट झाल्यात. नारळ का उभा राहिला याचं स्पष्टीकरण मला आजवर सापडलेलं नाही. कोणाकडे असेल तर जरूर सांगा, मी मन लावून वाचेन. पण तात्यांना ‘हो’ म्हणायचं राहून गेलं, ते आता कोणाला सांगू?