कंदील न सोडलेली विहीर

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते प्रकरण डोक्यातून जात नाही. तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे मोहाची हातभट्टी लपूनछपून चालायची.

एका सकाळी पोलीस पाटलाने वर्दी दिली, नाल्यात प्रेत आहे. कपड्यांना दारूचा भपकारा. पिऊन पडला असेल, असं सगळे म्हणाले. अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा सुरू केला, तेवढ्यात त्याची बायको आली.

"साहेब, माहा नवरा थेंबभर पेत नव्हता. उद्या माह्या लेकरायले लोक बेवड्याचे म्हणतीन."

शवविच्छेदनात पोटात दारू निघाली नाही, फुप्फुसात पाणीही नाही. दारू अंगावर ओतली होती, हे उघड झालं. मग बचत गटातल्या एका बाईने गुपचूप निरोप धाडला: मृत एका भट्टीवाल्याकडे मजुरीला जायचा, आणि त्या भट्टीवाल्याच्या शेतातल्या कोरड्या विहिरीतून आंबूस वास येतो.

भट्टीवाल्याला ठाण्यात आणला. "मी त्याले ओळखतच नाई," यापलीकडे अक्षर काढेना. असा मुरलेला माणूस ठाण्यात बोलत नाही, त्याला जागेवर न्यावं लागतं. विहिरीवरच्या फळ्या सरकवल्या, तर तळाशी सडव्याचे, म्हणजे भट्टीसाठी आंबवलेल्या मोहफुलांचे ड्रम. धाडीत सापडू नयेत म्हणून तिथे ठेवलेले. मी दोर त्याच्यापुढे टाकला.

"माल तुझाच ना? उतर, काढ वर."

उतरवणार नव्हतोच. पण तो दोरापासून मागे सरकला.

"फासावर द्या साहेब, पन मले खाली नका उतरवू. आतमंधी हवा मारते. तो बी असाच गेला!"

पुढचं भडाभडा बाहेर आलं. मजूर सडवा ढवळायला उतरला आणि तळाशी जाताच कोसळला. याने गळ टाकून त्याला वर ओढला, अंगावर दारू ओतली आणि नाल्यात नेऊन टाकला.

इकडे कोणत्याही जुन्या विहिरीत उतरायचं तर आधी पेटता कंदील सोडतात. विझला, तर माणूस उतरत नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी विचारलं, "कंदील काऊन नाई सोडला?"

"त्यानं मांगतला होता, साहेब. मीच नाई म्हटलं. दारूले आग लागली असती तं?"

कानाखाली वाजवावीशी वाटली. सडव्याचा वायू पेटत नाही, उलट दिवा विझवतो, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. याला मालाची काळजी होती, माणसाची नव्हती.

सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, असा गुन्हा दाखल केला. मग मी स्वतः मृताच्या बायकोच्या घरी गेलो आणि शेजाऱ्यांसमोर मोठ्याने सांगितलं की हा माणूस प्यालेला नव्हता. कंदिलाचंही सांगितलं. तिने विचारलं,

"म्हंजे त्याले धोका समजला होता. मंग उतरला काऊन?"

"मालक म्हणाला म्हणून, बाई."

"हो," ती म्हणाली. "नाई म्हनाची सवयच नव्हती त्याले."

चोरट्या धंद्यात मजूर मेला की त्याचं मरणसुद्धा चोरून उरकतात, हे मी तिथे शिकलो. राग अजून गेलेला नाही. पुढे खाण असो की कारखाना, कामावर मेलेल्या माणसाचा तपास आला की मी आधी एकच विचारायचो: उतरण्याआधी तो काय म्हणाला होता? बहुतेक वेळा तो काहीतरी म्हणालेला असायचा.