अप्पांचा आवाज चढला की

"शिवराजअण्णा, पुन्हा बंद पडलं!" सिद्धार्थ ओरडला. ओरडायची काही गरज नव्हती. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

मुडबी गावातल्या त्याच्या नव्या घराच्या हॉलमध्ये रिसीव्हरचा लाल दिवा लुकलुकत होता. गाणं सुरू व्हायचं, ढोलकी छान वाजायची, अप्पांचा आवाज यायचा. तो वरच्या पट्टीत चढला की आतून 'टक्' व्हायचं आणि सगळं गप्प. दिवस मावळला की गाव ऐकायला येणार होतं, आणि उन्हं कलायला लागली होती.

बसवकल्याणला माझं ऑडिओचं दुकान आहे. स्पीकर आणि रिसीव्हरची जोडी जमवून देणं हा माझा धंदा. रिसीव्हर म्हणजे ॲम्प्लिफायरच. टीव्ही, पेन ड्राइव्ह, सगळ्यांचा आवाज त्यात येतो आणि ताकद घेऊन स्पीकरकडं जातो. सिद्धार्थ हैदराबादला बँकेत आहे. त्याला सिनेमालाही चालेल आणि गाण्यालाही, असा सेट हवा होता. सिनेमा हे निमित्त होतं. त्याचे वडील, अप्पा, एकेकाळी गायन पार्टी घेऊन जयंतीला गावोगाव फिरायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. राहिली एक कॅसेट. ती साफ करून सिद्धार्थनं पेन ड्राइव्हवर घेतली होती. आज अप्पांची पंच्याहत्तरी होती, आणि त्यांचाच आवाज त्यांना ऐकवायचा होता.

म्हणून मी मॉनिटर स्पीकर दिले होते, स्टुडिओत वापरतात त्या जातीचे. ते आवाजाला पावडर-कुंकू लावत नाहीत, जसा आहे तसा देतात. मात्र ताकद जास्त मागतात, म्हणून रिसीव्हरही तसा दणकट निवडला. दुकानात जोडून मोठ्यानं वाजवून बघितला. इथं बसवून गेलो तेव्हाही ठणठणीत होता. मग आजच काय धाड भरली?

"पीसच खराब असंल," सिद्धार्थ म्हणाला.

"पीस चांगला हाय."

"मग बंद कामून पडायलाय?"

"तेच बघायलोय की! जरा गप ऱ्हा."

रिसीव्हरवर त्याच्या आईनं, शांताअक्कानं, क्रोशाचा रुमाल घातला होता. वरच्या जाळ्या झाकलेल्या, मशीन तापलेलं. सापडलं म्हणून मी खूश झालो. रुमाल काढला, पंखा लावला, थंड होऊ दिलं. गाणं लावलं. त्याच ओळीवर टक्.

मग वायरी सोडल्या. तांब्याची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला चिकटली तरी असं होतं. रिसीव्हरमागची सगळी टोकं नव्यानं सोलून आवळली. टक्. सेटिंग पुसून पुन्हा केली. टक्.

समोर खुर्चीत अप्पा बसले होते. दोन्ही स्पीकरपासून टेपनं मोजून मी ती खुर्ची मांडली होती, कारण तिथंच आवाज सगळ्यात सुरेख लागतो. दर वेळी ती ओळ आली की त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा, आणि मशीन बंद पडलं की तसाच खाली यायचा. मला ते बघवेना. चिडचिड होत होती, आणि कुणावर काढावी ते कळत नव्हतं.

सिद्धार्थ येरझाऱ्या घालत होता. "अण्णा, एकदा तरी ती ओळ पुरी होईल का?"

मी खाली बसलो आणि शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला. मशीन बंद पडत नव्हतं, स्वतःला वाचवत होतं. त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट कुणीतरी ओढत होतं. स्पीकरवर ओहम लिहिलेले असतात, म्हणजे विजेला किती अडथळा ते. ओहम कमी तितका करंट जास्त. एकाच टर्मिनलवर दोन जोड्या स्पीकर लावले की मशीनला ओहम निम्म्यावर आल्यासारखे वाटतात. बोअरच्या एका मोटारीवर दोन शेतांचे पाइप सोडल्यासारखं ते. हळू आवाजात चालून जातं, आवाज चढला की मोटार ट्रिप.

पण इथं तर एकच जोडी होती. रिसीव्हरचं टोक मी तीनदा बघितलं होतं. स्पीकरचं टोक मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

स्पीकरमागचा पडदा बाजूला केला. माझ्या वायरीसोबत आणखी एक पिवळी वायर पिळून बसवली होती. ती खिडकीतून बाहेर गेली होती. दुसऱ्या स्पीकरलाही तेच. अंगणात गेलो, तर ओट्याच्या दोन्ही टोकांना गायन पार्टीच्या स्पीकरचे जुने लाकडी डबे टांगलेले. आतल्या दणक्यात त्यांचा आवाज मला वेगळा कळलाच नव्हता.

"हे कुणी जोडलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

 अप्पांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"अहो अप्पा!" सिद्धार्थ कळवळला. "हे सगळं तुमच्यासाठी आणलंय. काढून टाका अण्णा ते डबे."

अप्पा ताडकन उठले आणि जोरजोरात मान हलवायला लागले.

शांताअक्का दारातून म्हणाली, "व्हय रं बाबा, पण बाया येत्यात त्या शेतातून सरळ. मातीच्या पायानं तुझ्या ह्या चकचकीत फरशीवर येणार न्हाईत त्या. कितीबी म्हण. अंगणातच बसत्यात. त्यान्ला काय ऐकू येणार?"

  मी हॉल मोजला होता, अंगण माझ्या हिशेबातच नव्हतं.

अप्पांनी माळ्याकडं बोट केलं. "पार्टीची मशीन हाय वर," अक्का म्हणाली. पत्र्याच्या पेटीत त्यांचा जुना ॲम्प्लिफायर निघाला. खरं सांगतो, माझ्या मॉनिटरच्या शेजारी ते धूड ठेवताना जिवावर आलं. पण रिसीव्हरच्या मागं दुसऱ्या खोलीसाठी वेगळा सिग्नल काढायची सोय असते. तिथून केबल जुन्या मशीनला दिली आणि ओट्यावरचे डबे त्यावर टाकले. आता रिसीव्हरवर फक्त हॉलचं ओझं. जुनं मशीन आधी घुमलं, खरखरलं, मग मार्गाला लागलं.

तोवर अंगण भरलं होतं. सिद्धार्थनं गाणं लावलं. ती ओळ जवळ आली तसा मी रिसीव्हरच्या दिव्याकडं बघत राहिलो. आवाज चढला. आणि चढतच गेला.

मी हसत खुर्चीकडं वळलो. खुर्ची रिकामी होती.

अप्पा बाहेर ओट्यावर होते, बायांच्या समोर उभे. ओठ हलत होते, गळ्यातून काहीच येत नव्हतं. ओळ संपताना त्यांचा उजवा हात वर गेला, आणि अख्ख्या अंगणानं पुढचं धृपद उचललं. त्या जुन्या डब्यांचा आवाज फाटका येत होता. कुणाला त्याचं काही नव्हतं.  सिद्धार्थनं मुकाट्यानं हॉलमधला आवाज कमी केला आणि तोही बाहेर जाऊन मातीत बसला.

आता दुकानात कुणी सेट घ्यायला आलं की वॅट आणि ओहम मी नंतर काढतो. आधी विचारतो, ऐकणारे किती, आणि बसणार कुठं? आणि बसवायला गेलो की स्पीकरमागचा पडदा उचलून बघतो.