सहावी दाढ

बोरसीत आमच्या भिंतीला भिंत लावून देवराव राहतात. या माणसाच्या पायाला भिंगरी आहे. चौतीस वर्षं ते हथखोजच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे पोलाद ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना कोरणारे. निवृत्त झाले तरी हात थांबेनात. सुशीलावहिनींचं देवघर तीनदा मोडून बांधलं. शेवटी वहिनींनीच लेकीला फोन लावला, "यायले काही काम दे माय, नाही तर दरवाजेही तासून टाकतीन."

लेक प्रांजली कोरब्यापलीकडच्या जंगलपट्ट्यात वनरक्षकांना हत्तींबद्दल शिकवते. तिने शिकवायला लाकडी दाढा मागितल्या. हत्तीला जन्मात सहा वेळा दाढा येतात; एक झिजली की मागून दुसरी सरकते. मेलेल्या हत्तीची कितवी दाढ चालू होती हे कळलं, की वयाचा अंदाज येतो. सहावी झिजली की संपलं. चावता येत नाही आणि जनावर उपाशी मरतं.

देवराव पेटलेच. सहाही दाढा झाल्या, मग आफ्रिकेच्या हत्तीची, मग मॅमथची. माझी भाजी गॅसवर करपत असताना मला कुंपणापाशी अडवून म्हणाले, "नरहरी, पाहा. मॅमथच्या दाढेवरच्या पट्ट्या आपल्या हत्तीसारख्या बारीक न् सरळ. आफ्रिकेवाल्याच्या शंकरपाळ्यासारख्या. म्हणजे तो मरून गेलेला आपल्याले जवळचा, जिता आहे तो लांबचा." भाजी गेली ती गेलीच.

मार्चमध्ये प्रांजलीचा फोन आला. एका शेताच्या बांधाशी हत्तिणीचा अर्धा जबडा सापडला होता, बाकी काही उरलं नव्हतं. वनरक्षकांनी दाढेची रुंदी देवरावांच्या नमुन्याशी ताडली. सहावीला दोन मिलिमीटर कमी भरली, म्हणून पाचवी लिहिली. म्हणजे हत्तीण तिशी-पस्तिशीतली. धडधाकट हत्तीण उगाच मरत नाही, तेव्हा शेताच्या मालकिणीने, चंदा नावाच्या विधवेने, तारेत करंट सोडला असणार, असा संशय आला. तिला चौकशीला दोनदा बोलावणंही झालं होतं.

देवराव आधी खूश झाले. मग पुढची दाढ आखायला पट्टी उचलली आणि उभ्याउभ्या पांढरे पडले. ओतलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात दोन टक्के मोठी असते. तिच्यावरचे नव्वद मिलिमीटर म्हणजे खरे ब्याण्णवच्या जवळ. जन्मभराच्या सवयीने दाढा आखतानाही हात त्याच पट्टीकडे गेला होता; म्हणजे त्यांची सहावी दाढच खऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठी होती.

त्यांनी लगेच फोन केला. प्रांजली म्हणाली, "बाबा, दो एमएम से क्या होता है? मी चिठ्ठी पाठवते ना ऑफिसात."

"चिठ्ठी पोचेस्तोवर त्या बाईले तिसऱ्यांदा बोलावतीन. मी येऊन राहिलो."

एकट्याला सोडायची वहिनींना भीती, म्हणून मला सोबत धाडलं. बसमध्ये हा माणूस एका जागी ठरेना. दर थांब्यावर उतरून ड्रायव्हरला विचारायचा, अजून किती. मला राग आला, आणि खरं सांगतो, कीवही आली.

वनरक्षकांसमोर देवरावांनी साधी पट्टी आणि आपली पट्टी शेजारी शेजारी ठेवली. जबड्यातली दाढ पुन्हा मोजली. सहावीच निघाली, झिजून पार सपाट झालेली. म्हातारी हत्तीण. नोंद बदलली, संशय मिटला. आता परत फिरू, असं मी म्हणालो. पण देवरावांना चंदाला स्वतः सांगायचं होतं.

ती अंगणात महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालत होती. देवरावांनी हात जोडून सगळं सांगितलं: चूक वनरक्षकांची नाही, माझी, हत्तीण म्हातारी होती, तिला चावता येत नव्हतं.

चंदाचे हात थांबले नाहीत. छत्तीसगढीत म्हणाली, "ठाऊक आहे. कापणीआधी आठ दिवस माझ्या बांधावर होती. धान तोडायची, चघळायची आणि त्याचे गोळे थुंकायची. मी हाकललं नाही तिला. पहिल्यांदा बोलावलं तेव्हाच मी हे साहेबांना सांगितलं होतं."

मग तिने वर पाहिलं. "माझं कोणी ऐकलं नाही. तुमच्या लाकडाचं ऐकलं."